हार्डबूट आणि बाइंडिंग: बसवायचं साताऱ्यात, गुलमर्गला फक्त वळायचं

स्नोबोर्डच्या कार्व्हिंगमध्ये बोर्ड आडवा घसरवत न्यायचा नसतो. तो धारेवर उभा करायचा आणि धारेला जो बाक दिलेला असतो त्या बाकानेच वळायचं. मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ उमटली तर वळण जमलं. झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा उमटला तर बोर्ड घसरला. चांगल्या वळणात बोर्ड साठ अंशांपर्यंत कलतो आणि त्या कलत्या अवस्थेत बुटाचा पुढचा किंवा मागचा सेंटिमीटरभर भाग जरी धारेबाहेर असला तरी तो आधी बर्फाला टेकतो. मग धार उचलली जाते आणि माणूस फेकला जातो. म्हणून कार्व्हिंगवाले मऊ बूट सोडून स्कीसारखे कडक प्लास्टिकचे हार्डबूट घालतात, अरुंद बोर्ड घेतात आणि पाय ५० ते ६५ अंशांत समोर वळवून बांधतात. ऑलिंपिकमधली स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम ही शर्यत याच बुटांवर होते. २०१८ला प्याँगचांगमध्ये एस्टर लेडेत्स्काने स्कीच्या सुपर-जी शर्यतीचं सुवर्ण घेतलं आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डचं सुवर्णही, ते अशाच सामानावर.

साताऱ्याहून गुलमर्ग दोन हजार किलोमीटरांच्या पलीकडे. तिथे हातात चार-सहा दिवस असतात. भाड्याच्या दुकानांतलं सामान जवळजवळ सगळं मऊ बुटांचं, त्यामुळे हार्डबूटच्या बाइंडिंगचा (बूट बोर्डावर धरणाऱ्या जोडणीचा) एखादा स्क्रू किंवा बुटाला पकडणारी कडी तिथे मागायला जाण्यात अर्थ नाही. उलट साताऱ्यात एमआयडीसीत टर्नर आहे, एम-६चे स्क्रू कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, गुण्या आणि ओळंबा गवंड्याकडे असतो. बर्फ सोडला तर या कामाला जे काही लागतं ते सगळं इथेच आहे. म्हणून बूट आणि बाइंडिंग नोव्हेंबर-डिसेंबरात घरच्या ओट्यावर पूर्ण बसवून, प्रत्येक आकडा लिहून, मगच गाडीत टाकायचं, ही पद्धत आम्ही धरली आहे आणि आता तिच्यात फरक करत नाही.

सुरुवात बुटापासून करायची. बरेच जण बोर्ड समोर ठेवून आधी बाइंडिंगच्या कोनाशी खेळत बसतात. पण कोन बुटाच्या तळाच्या लांबीवर ठरतो, बुटात पाय हलत असेल तर कोणताही कोन बरोबर वाटत नाही, आणि बूट बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं.

बुटाचं माप मोंडो पद्धतीत असतं, म्हणजे पावलाची लांबी सरळ सेंटिमीटरमध्ये. टाच भिंतीला लावायची, पूर्ण वजन त्या पायावर टाकायचं आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. २६.५ सेंमी आलं तर बूट २६.५चा. रोजच्या बुटाचा नंबर इथे पूर्ण विसरायचा, त्यावरून घेतलेला हार्डबूट हमखास मोठा निघतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. वर्षभर चपलेत वावरलेलं पाऊल चवड्याला पसरट असतं, टाचेला बारीक. चवडा आवळतो म्हणून माणूस एक माप मोठं घेतो आणि मग टाच उचलायला लागते. टाच सुटली की धारेवर नेमका दाब देता येत नाही, आणि तो दोष कितीही बकलं आवळून जात नाही. लांबी बरोबर ठेवायची आणि चवड्याला शेल रुंद करून घ्यायचं, हाच मार्ग.

शेल म्हणजे बाहेरचं कडक प्लास्टिक. तपासताना आतलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, काढून ठेवायचं, मोज्याशिवाय पाय शेलमध्ये घालायचा, बोटं पुढे अलगद टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. १० ते १५ मिमी राहिली, म्हणजे एक बोट सहज आणि दुसरं अडकत गेलं, तर माप बरोबर. २० मिमीच्या वर गेली तर तो बूट परत करा, गाद्या भरून तो पुढे कधी नीट बसणार नाही. अर्ध्या मापांचं शेल बहुधा एकच असतं, २६ आणि २६.५ला फक्त आतलं लायनर किंवा पायतळ (पावलाखालची सुटी गादी) बदलतो, तेव्हा त्या अर्ध्यावरून वाद घालू नये.

जुना बूट घेत असाल तर इथे थांबून वाचा. हार्डबूटची शेल बहुतेक पॉलियुरेथेनची. हे प्लास्टिक दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतून कुजतं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि थंडीत पहिल्या जोरदार वळणात त्याचे तुकडे पडतात. साताऱ्याचा पावसाळा बूट माळ्यावर ठेवण्यासारखा नाही, आणि महाबळेश्वर-बामणोलीकडचा तर अजिबातच नाही. पंधरा-वीस वर्षांचा जोड स्वस्त मिळाला तरी आधी घोट्याच्या बिजागरीभोवती आणि बकलांच्या रिव्हेटशेजारी केसासारखी भेग आहे का बघा, कफ (घोट्याच्या वरचा, पोटरीभोवतीचा भाग) पुढे दाबल्यावर प्लास्टिक पांढुरकं पडतं का बघा, हाताला चिकट लागतं का बघा. तिन्हींपैकी एक जरी आढळलं तर तो जोड शोभेला ठेवा. घोट्याशी बूट तुटला तर त्याच्यापाठोपाठ घोटा जातो.

स्कीचे बूट चालतील का, असं विचारलं जातं. बाइंडिंगच्या कड्यांत ते बसतात, शिकायला चालतात. पण स्कीच्या बुटाची टाच मागे आडवी लांब असते, स्नोबोर्डच्या हार्डबूटची टाच आत घेतलेली असते. त्याच पावलाला स्कीचा तळ लांब पडतो आणि पुढे कोन काढताना तेवढाच जास्त वळवावा लागतो. शिवाय घोट्यातून ते फार कमी वाकतात.

लायनर उष्णतेने पायाचा आकार घेणारं असेल तर ते एकदा नीट साच्यात बसवून घ्यायचं. दुकानात यासाठी गरम हवेचं यंत्र असतं. घरी आम्ही तांदळाची पद्धत वापरतो: स्वच्छ सुती मोज्यात किलोभर कोरडे तांदूळ भरायचे, तोंड गाठ मारून बंद करायचं, मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटांनी काढून हलवत गरम करायचे. स्वयंपाकाचा थर्मामीटर आत खुपसून ११०च्या आसपास आला की मोजा लायनरमध्ये बोटांपर्यंत ढकलायचा आणि दहा-बारा मिनिटं ठेवायचा. तांदूळ करपल्याचा वास आला तर तापमान केव्हाच पुढे गेलेलं आहे, ते टाकून दुसरे घ्या. लायनरसोबतच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. बेकरीच्या भट्टीचा मोह टाळा, तिथलं तापमान आपल्या हातात नसतं आणि फोम एकदा आक्रसला की आक्रसला. हीटगनने आतून शेकणंही नको, वरचा थर सुरकुततो आणि आतला गारच राहतो.

तांदूळ काढायच्या आधी पाय तयार पाहिजे. बोटांवर जुन्या मोज्याचं कापलेलं टोक चढवायचं म्हणजे तिथे हलायला जागा राहील, घोट्याच्या हाडावर फोमचा छोटा तुकडा चिकटवायचा, वरून एकच पातळ मोजा. पायतळ लायनरच्या आत घालायचा, पाय सरकवायचा आणि लायनरसकट शेलमध्ये उतरायचं. टाच दोन-तीनदा जमिनीवर मागे आपटून जागेवर बसवायची, बकलं मध्यम आवळायची. बोटांखाली अडीच सेंमीची फळी ठेवून गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं. फळीमुळे पाऊल मागे जातं आणि टाचेचा खळगा खोल उमटतो. दहा मिनिटं हलायचं नाही. या दहा मिनिटांत घरात कुणाशी बोलताना मागे वळून पाहिलं तरी पोटरीजवळ सुरकुती पडते आणि ती पुढे नडगीला टोचत राहते.

आता टोचणारी जागा शोधणं. बूट घालून अर्धा तास बसल्यावर बाहेरच्या घोट्यावर किंवा करंगळीच्या मुळाशी दुखायला लागतं, पण शेलवर ती जागा नेमकी कुठे येते ते बाहेरून कळत नाही. आम्ही कुंकू वापरतो. चिमूटभर कुंकू दोन थेंब खोबरेल तेलात कालवायचं, दुखणाऱ्या हाडाच्या टोकावर टिकली लावायची आणि लायनर न घालता पाय अलगद शेलमध्ये उतरवायचा. पाय पुढे घासू द्यायचा नाही, वरून खाली सरळ. घोटा बाहेरच्या बाजूला एकदा दाबायचा आणि पाय काढायचा. आत शेलच्या भिंतीवर मसुराएवढा लाल ठिपका दिसतो. बाहेरून टॉर्च लावला तर पांढऱ्या किंवा पारदर्शक शेलमधून तो आरपार दिसतो. काळ्या शेलला आत आणि बाहेर काठापासून मोजून खूण करावी लागते. अंदाजाने फुगवलेली जागा आणि ठिपक्यावर फुगवलेली जागा यांत सहज सेंटिमीटरभर फरक निघतो.

फुगवताना हीटगन आठ-दहा सेंमी अंतरावरून गोल फिरवत ठेवायची. एका जागी थांबली की प्लास्टिकवर चमक येते, मग फोड. अंगठ्याने दाबल्यावर शेल किंचित लवायला लागलं की आतून सुताराकडून लेथवर काढून घेतलेला लाकडी गोळा आणि सी-क्लॅम्प लावून दाबायचं. हवं त्यापेक्षा २ मिमी जास्त, कारण थंड झाल्यावर तेवढं मागे येतं. क्लॅम्प रात्रभर तसाच. घाईत पाणी ओतून काढलेला फुगवटा आठवड्याभरात परत सपाट होतो.

बुटाचं शेवटचं काम म्हणजे कफचा तिरपेपणा. घोट्याशी जो एलन स्क्रू असतो त्याने कफ आत किंवा बाहेर कलतो. लायनर काढून, पायतळ ठेवून, नेहमीसारखं उभं राहायचं आणि पोटरीच्या दोन्ही बाजूंना शेलपर्यंत सारखी जागा आहे का बघायचं. ज्यांचे पाय धनुष्यासारखे बाकदार आहेत त्यांना बाहेरच्या बाजूला जागाच उरत नाही. कफ पायाच्या मागे न्यायचा, पाय कफच्या मागे नाही.

यानंतर बोर्ड जमिनीवर घ्यायचा. कोन काढायला दोन मापं लागतात: बुटाच्या तळाची लांबी, जी बऱ्याच बुटांवर टाचेच्या बाजूला मिमीत कोरलेली असते, आणि बोर्डाची रुंदी. रुंदी बोर्डाच्या कमरेशी न मोजता जिथे बाइंडिंगचा मध्य येणार तिथे मोजायची, कारण कंबर २०० मिमी असली तरी पायाखाली बोर्ड ५-६ मिमी जास्त रुंद असतो. हार्डबूटचा तळ दोन्ही टोकांना जवळजवळ अर्धगोल असतो, त्यामुळे हिशोब सोपा होतो. लांबीतून तळाची रुंदी वजा करा, उरलेल्याला कोनाच्या कोसाइनने गुणा, आणि रुंदी परत मिळवा. जे उत्तर येईल तेवढी जागा बूट बोर्डावर आडवी व्यापतो. तळ ३०० मिमी लांब आणि ७० मिमी रुंद धरला तर ४५ अंशांत २३३, ५० अंशांत २१८, ५५ला २०२, ६०ला १८५ आणि ६५ला १६७ मिमी. पायाखाली बोर्ड २०६ मिमी असेल तर पुढच्या पायाला ५५ हा कोन नेमका बसतो. मागच्या पायाला तीन अंश कमी, म्हणजे ५२, तिथे बूट २१२ मिमी घेतो आणि दोन्ही बाजूंना ३ मिमी बाहेर येतो. बाइंडिंगच्या उंचीमुळे एवढं खपून जातं.

हा हिशोब सगळ्यात कमी चालणारा कोन देतो. त्याच्यापेक्षा पाच अंश वर गेलात तर बिघडत नाही. पण रुंद बोर्डावर उगाच ६५-७० लावले तर बोटं आणि टाच दोन्ही धारेपासून लांब राहतात, धार बदलायला उशीर लागतो आणि सगळा जोर गुडघ्यांवर येतो. दुसऱ्या कुणाचे कोन आहेत तसे उचलू नका, त्याचा बूट २८५चा असेल आणि बोर्ड १८५चा. दोन्ही पायांत ३ ते ६ अंशांचा फरक बहुतेकांना मानवतो. फरक दहाच्या वर गेला की कंबर एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला ओढतात.

कोन लावला तरी बूट बोर्डाच्या मध्यावर आलाच असं नाही. बोर्ड शहाबादी फरशीवर सपाट ठेवा, बूट बाइंडिंगमध्ये अडकवा, गुण्या धारेला उभा लावा आणि बोटांकडे बूट धारेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते मोजा. मग टाचेकडे. दोन्ही आकडे २ मिमीच्या आत सारखे पाहिजेत. एका बाजूची वळणं छान आणि दुसऱ्या बाजूला बोर्ड घसरतो, या तक्रारीत आधी तंत्राला दोष दिला जातो. आम्ही आधी गुण्या लावतो. खात्री करायला बोर्ड बुटासकट हाताने धारेवर उभा करून हळूहळू ६५ अंशांपर्यंत कलवा आणि बुटाचा कोणता भाग फरशीला आधी लागतो ते बघा. कित्येकदा तळाऐवजी खालच्या बकलाचं टोक लागतं. ते कानसून गोल करता येतं.

दोन पायांतलं अंतर काढायला पायाची आतली लांबी घ्यायची: भिंतीला पाठ लावून जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर घट्ट धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. त्याला ०.६ने गुणलं की सुरुवातीचं अंतर मिळतं. ८० सेंमी असेल तर ४८. हा आकडा फक्त सुरुवातीचा, पुढे-मागे २ सेंमी सरकेल. फार रुंद झालं तर मागचा गुडघा आत पडतो, फार अरुंद झालं तर बोर्ड खडबडीत बर्फावर पुढे-मागे डोलतो.

आता पाचर. पाय समोर वळवून एकामागे एक ४८ सेंमीवर ठेवले की उभं राहणं लांब पाऊल टाकल्यासारखं होतं. त्यात पुढच्या पायाची बोटं आपोआप वर जाऊ बघतात आणि मागच्या पायाची टाच. ती जागा बाइंडिंगने भरून दिली नाही तर बूट घोट्यातून भलताच वाकतो आणि मांडी दुपारपर्यंत पेटते. पुढे बोटांखाली ३ अंश आणि मागे टाचेखाली ३ अंश, इथून सुरू करा. मागच्या टाचेला पुढे कधी ६ लागतात. बाइंडिंगबरोबर पाचरी येतात; बॉम्बर कंपनीच्या बाइंडिंगला ०, ३ आणि ६ अंशांच्या तबकड्या मिळतात. जुन्या बाइंडिंगला त्या नसतील तर टर्नरकडून करून घेता येतात: बोटांचा आणि टाचेचा ठोकळा यांत २०० मिमी अंतर असेल तर ३ अंशांना साडेदहा मिमी उंची लागते. नायलॉन किंवा ॲल्युमिनियम घ्यायचं. लाकूड ओल धरतं आणि रबर दाबलं जाऊन स्क्रू सैल पडतो. टर्नरला वरची बाजू उतरती हवी हे चित्र काढून द्या, नाहीतर सपाट ठोकळा मिळतो आणि कडी बुटावर तिरपी बसते.

आडवा कल, म्हणजे गुडघे आत किंवा बाहेर झुकवणारा, सुरुवातीला शून्य ठेवा. बोर्डावर बूट अडकवून उभे राहा, गुडघे वाकवा आणि कुणाला तरी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरून ओळंबा सोडायला सांगा. गोळा अंगठ्याशेजारच्या बोटावर यायला हवा. अंगठ्याच्याही आत पडत असेल तर आधी कफ बघा, मग पाचर. ओळंबा सोडणारा माणूस वेगळाच पाहिजे, स्वतः खाली वाकून बघितलं की गुडघा हलतो.

स्क्रू हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा. बोर्डातल्या आट्यांच्या पुंगळ्या एम-६ मापाच्या, आटा १ मिमीचा, म्हणजे स्क्रूचा एक फेरा म्हणजे एक मिमी आत. भोकाची खोली मोजायला खराट्याची काडी सर्वांत बरी: तळाला टेकवायची, नखाने कडेशी धरायची आणि पट्टीवर ठेवायची. समजा ९ मिमी आली. बाइंडिंग बोर्डावर दाबून धरणाऱ्या तबकडीची जाडी स्क्रूच्या डोक्याखाली ६.५ मिमी. एकूण साडेपंधरा. नेहमीचा १६चा स्क्रू इथे अर्धा मिमी जास्त पडतो. तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि तबकडी मात्र खाली सैलच असते. आणखी पिळला तर बोर्डाच्या खालच्या बाजूला फोड उठतो. इथे १४ घ्यायचा, साडेसात आटे धरतात, पुरेसे आहेत. सहापेक्षा कमी आटे धरत असतील तर पुंगळी उपटून येण्याची भीती. पाचर घातली की तिच्या जाडीइतका स्क्रू लांब हवा, आणि पाचरीच्या उतारामुळे पुढचा आणि मागचा स्क्रू वेगळ्या लांबीचे येतात. ते आलटूनपालटून लागू नयेत म्हणून डोक्यावर नेलपॉलिशचे दोन रंग लावा. खोलगट बसणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकीच्यांची डोक्याखालून. दुकानात हे न बोलता मागितलं की हमखास चुकीची लांबी घरी येते.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या. काळे जास्त मजबूत, पण ओल्या बोर्डावर एका मोसमात गंजतात. आट्यांवर निळं लॉकटाइट एक थेंब. लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. तबकडी प्लास्टिकची असेल तर लॉकटाइट तिला लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने भेगा जातात. आवळताना समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, प्रत्येकी थोडे थोडे. एलन कीची आखूड बाजू हातात धरून मनगटाच्या जोराने, पाइप लावून नाही.

कड्यांचं समायोजन बूट थंड असताना करा. पुढची आणि मागची कडी जाड पोलादी तारेची असते. पुढचा लिव्हर बंद करताना तळहाताचा चांगला जोर लागला पाहिजे आणि शेवटी खट् असा आवाज येऊन तो बसला पाहिजे. दोन बोटांनी बंद झाला तर सैल, टाच मारून बंद करावा लागला तर फार घट्ट, आणि अशा घट्ट कडीला वाकाशी भेग जाते. कड्या झिजणारा भाग आहेत. दर मोसमाआधी वाकाची जागा कापडाने पुसून भिंगातून बघा, आणि एक जादा जोड पिशवीत ठेवा. पायरीसारखा दाबून बसणारा प्रकार असेल, इंटेक किंवा फिनटेक, तर टाचेतून दोन्ही बाजूंना पिना बाहेर येतात. दोन्ही पूर्ण बाहेर आल्याच पाहिजेत. टाचेखाली बर्फ साचला तर एक पिन अर्धीच येते, पाय अडकल्यासारखा वाटतो आणि वळणात सुटतो. दर वेळी वाकून दोन्ही बाजू बघायच्या आणि पाय जोराने वर ओढून पाहायचा. पिना मागे ओढणारी वायर पँटच्या आतून वर येते, तिचे धागे सुटायला लागले की ताबडतोब बदला.

बुटाचा पुढचा कल मागच्या लिव्हरने ठरतो. मागचा बूट पुढच्यापेक्षा एक-दोन खाचा जास्त पुढे कललेला ठेवा. इथे साताऱ्याच्या हवेचा एक फसवा भाग आहे. डिसेंबरातल्या दुपारी घरात २८ अंशांत बूट छान लवतो, तोच गुलमर्गला सकाळी शून्याखाली दगड होतो, कारण पॉलियुरेथेन थंडीत कडक पडतं. घरी थोडा मऊ वाटला तर तो तिथे बरोबर निघतो. घरीच कडक वाटत असेल तर वरचं बकल एक खाच सैल धरून चला. आणि तिथे बूट रात्री खोलीच्या आत ठेवा, व्हरांड्यात नाही, सकाळी गार शेलमध्ये पाय शिरतच नाही.

सगळं बसलं की बुटांसह बोर्डावर ओट्यावर अर्धा तास काढा. खाली सतरंजी घाला, धार फरशीला लागू नये. पुढे झुका, मागे झुका, एका धारेवर किंचित चढा. पायाची बोटं बधिर झाली तर बोटांवरच्या बकलाला हात लावू नका. बहुतेक वेळा दोष पावलाच्या चढावरच्या बकलाचा असतो, तिथली रक्तवाहिनी दबते. बकलं लावण्याचा क्रम असा: टाच मागे आपटा, घोट्याजवळचं आधी, मग वरची दोन, बोटांकडचं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सैल. नंतर सगळे आकडे एका चिकटपट्टीवर लिहून ती लायनरच्या आत लावा: दोन्ही कोन, अंतर, पाचरी, कल, स्क्रूंची लांबी.

बर्फावर पहिला दिवस सपाट केलेल्या उतारावरच काढायचा. गुलमर्गचं नाव ताज्या भुसभुशीत बर्फासाठी आहे आणि अफरवटच्या वरच्या उतारांवर अरुंद बोर्ड नेला तर नाक बुडतं. कार्व्हिंगला खालचे बेबी स्लोप आणि गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याचं कोंगडूरी, किंवा उत्तराखंडात औलीचा उतार. दोन तासांनी सगळे स्क्रू एकदा तपासा, पहिल्या दिवशी ते थोडे बसतातच. बदल करायचा तर एका वेळी एकच आणि त्यानंतर निदान तीन फेऱ्या. पुढची मांडी जळत असेल तर पुढच्या बुटाचा कल एक खाच कमी करा. मागच्या पोटरीत गोळा येत असेल तर मागच्या टाचेची पाचर वाढवा. दोन्ही गुडघे एकमेकांवर घासत असतील तर अंतर एक सेंटिमीटर वाढवून बघा, कोन नंतर. धार बदलताना बोर्ड आळशी वाटत असेल तर कोन दोन्ही पायांचे तीन-तीन अंशांनी कमी करा, पण बूट किती बाहेर येतो तो हिशोब पुन्हा करूनच.

परत आल्यावर लायनर बाहेर काढून दोन दिवस पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. शेल पुसून कोरडी करा, बकलं पहिल्या खाचेत सैल लावा म्हणजे उघडं शेल वाकडं होत नाही. बोर्डाच्या पोलादी धारांना मशीनच्या तेलाचा हात द्या, बाइंडिंगचे स्क्रू काढून डबीत भरा, डबीवर लांब्या लिहा. बूट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला पुड्या बदला. डबा माळ्यावर चढवू नका, घराच्या सगळ्यात कोरड्या कपाटात जागा करा.